जुन्या कागदांतील निंदाव्यंजक शब्द व संपादकाचें कर्तव्य

प्रभादेवी हा मुंबई बेटांतील माहीम व वरळी यांच्या मधला टापू. येथील रेल्वे स्थानकास पूर्वीं एल्फिन्स्टन रोड असें नांव होतें. १९ जुलै २०१८ पासून त्यास प्रभादेवी हें नांव मिळालें. पुढें डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र शासनानें राज्यांतील वस्त्यांचीं व रस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय केला. पहिल्या फेरबदलांत स्थलदेवतेचें नांव पुढें आणावयाचें होतें. दुसऱ्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला अपमान दूर करावयाचा होता. फलकावरील अक्षरें बदलणें शासनाच्या हातीं आहे. परंतु तसलींच नांवें व त्यांहूनही कठोर शब्द ज्या कागदांत आहेत, ते कागद आम्हां संग्राहकांच्या पेटाऱ्यांत आहेत. ते छापतांना या शब्दांचें काय करावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

या बाबतींत दोन पक्ष आढळतात. एक म्हणतो कीं, पाठ जसा आहे तसा द्यावा. आम्ही केवळ नक्कल करणारे, आमच्या मनांत द्वेष नाहीं, म्हणून आम्हांस दोष नाहीं. दुसरा म्हणतो कीं, ज्यांस तो शब्द लागतो त्यांचे वंशज हयात आहेत. यास्तव तो गाळावा किंवा तेथें टिंबें द्यावीं. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धेच खरे आहेत.

शब्द वापरणें आणि शब्दाचा निर्देश करणें या दोन भिन्न क्रिया होत, हें आपल्या शास्त्रकारांस चांगलें ठाऊक होतें. व्याकरणांत शब्द आपल्या रूपाचाच बोधक असतो, असा नियम पाणिनीनें पहिल्याच अध्यायांत घालून दिला आहे. अग्नीस प्रत्यय लावावा असें सांगितल्यावर कोणी निखाऱ्यास प्रत्यय लावावयास जात नाहीं. त्याच न्यायानें, अमक्या पत्रांत अमकी शिवी आहे असें सांगणारा ती शिवी देत नाहीं. हा भेद सोडला तर इतिहासच लिहितां येणार नाहीं.

प्रस्तुत टापूच्या इतिहासांतलेंच उदाहरण घेऊं. १६८९-९० मध्यें सिद्दी याकूतखानानें मुंबईवर स्वारी करून माझगांव, माहीम इत्यादि भाग व्यापिले व इंग्रजांस किल्ल्यांत कोंडलें. हे जंजिऱ्याचे सिद्दी मराठी कागदांत हबशी किंवा शामळ या नांवांनीं येतात. हबशी हा शब्द हबश देशावरून, म्हणजे आफ्रिकेंतील अबिसीनियावरून आला. शामळ हा अंगाच्या वर्णावरून. १७३३ च्या जंजिऱ्याच्या मोहिमेसंबंधीं पत्रव्यवहारांत शामळ हें शत्रूचें रूढ नांव आहे. लिहिणारा त्या क्षणीं कोणाच्या रंगाचा विचार करीत असेलच असें नाहीं. परंतु आज तोच हबशी शब्द रस्त्यावरून जाणाऱ्या आफ्रिकन विद्यार्थ्यास उद्देशून कोणी उच्चारला तर ती शिवीच होय. अक्षरें तींच, बोलणारा, ऐकणारा व प्रसंग हे निराळे.

याहून बिकट उदाहरण मलिक अंबराचें. हबश देशांत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा आधारस्तंभ झाला आणि १६२६ मध्यें मरेपर्यंत मोगलांस दक्षिणेंत झुंजवीत राहिला. जहांगीर बादशहा आपल्या आत्मचरित्रांत त्यास 'सियाहरू', म्हणजे काळ्या तोंडाचा, असें विशेषण लावितो. आतां फारशींत या शब्दाचा लाक्षणिक अर्थ बदनाम, कलंकित असाही आहे. आपल्याकडे 'तोंड काळें करणें' म्हणतात त्यांतलाच हा प्रकार. मग बादशहानें शत्रूस कलंकित म्हटलें, कीं हबशाच्या वर्णाची कुचेष्टा केली? उत्तर एकट्या शब्दांत सांपडत नाहीं. तें संदर्भांत शोधावें लागतें. बादशहाचा चित्रकार अबुल हसन यानें काढलेलें एक चित्र डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयांत आहे. त्यांत जहांगीर अंबराच्या छिन्न मस्तकावर बाण सोडीत आहे. असा प्रसंग प्रत्यक्षांत कधींच घडला नाहीं. रणांत जो हातीं लागला नाहीं त्यास चित्रांत मारलें! हें चित्र व तें विशेषण शेजारीं ठेविल्यावर द्वेषाचें स्वरूप उघड होतें. उलट मुतमदखान हा त्याच दरबारचा लेखक अंबराच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची व कारभाराची मोकळ्या मनानें स्तुति करितो, आणि परमानंदाच्या शिवभारतांतही तो पराक्रमी म्हणून येतो. संपादकानें 'सियाहरू' गाळला असता तर बादशहाचा द्वेषही झांकला असता आणि मुतमदखानाच्या न्यायबुद्धीचें मोलही कळलें नसतें. शब्द गाळल्यानें अपमान झालेल्याचा नव्हे, अपमान करणाऱ्याचा बचाव होतो.

येथवर पहिल्या पक्षाचें समर्थन झालें. परंतु 'आमचा हेतु शुद्ध आहे' एवढ्यानें काम भागत नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत वाक्पारुष्याचा विचार केला आहे, तो मननीय आहे. काण्यास काणा म्हटलें, म्हणजे खरें बोललें, तरी तीन पण दंड; खोटें बोलल्यास सहा; आणि 'काय सुंदर डोळे' अशी उपरोधिक स्तुति केल्यास बारा. कोणाच्या देशावरून निंदा केली तर तीही दंडास पात्र. प्रमाद, मद किंवा मोह यांमुळें बोलल्यास दंड निम्मा. म्हणजे हेतूनें अपराध हलका होतो, नाहींसा होत नाहीं. आणि शब्द खरा आहे ही सबब चालत नाहीं. हीन मानलेल्यास दुखविल्यास दंड निम्मा, हाही नियम तेथेंच आहे. तो आज कोणी मान्य करणार नाहीं. अर्वाचीन कायद्यानें ती बाजू बरोबर उलटविली. अनुसूचित जाति-जमातींच्या संरक्षणार्थ १९८९ मध्यें झालेल्या कायद्यांत, हेतुपूर्वक केलेला अपमान व तो लोकांच्या दृष्टीसमोर घडणें, या दोन गोष्टी पाहिल्या जातात. २००८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें एका जातिनामाविषयीं असें ठरविलें कीं, शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून घ्यावयाचा नसून आज लोक तो कोणत्या भावानें योजितात त्यावरून घ्यावयाचा. तें जातिनाम येथें देण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. त्यावांचून मुद्दा पुरा होतो.

शेवटीं आपल्याच घरांतलें उदाहरण. प्रभू ज्ञातींतील लेखकांस 'परभू' हें रूप हीनतादर्शक वाटे. मुंबईच्या इंग्रजी कचेऱ्यांत त्याच रूपाचा अपभ्रंश कारकून या अर्थीं सर्रास चाले, व तेथें निंदेचा हेतु नसे. परंतु भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत राजवाडे यांनीं चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयीं जीं विधानें केलीं, त्यांनीं ज्ञाति दुखावली; आणि १९१८ मध्यें केशव सीताराम ठाकरे यांनीं 'कोदण्डाचा टणत्कार' हें पुस्तक लिहून मंडळास 'उलट सलामी' दिली. राजवाडे यांची साधनसंग्राहक म्हणून थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्या वादाचा धडा स्पष्ट आहे. जुन्या लेखकाची निंदा अवतरणांत असते तोंवर ती पुरावा असते. संपादक तिला आपल्या वाक्यांत घेतो त्या क्षणीं ती त्याची स्वतःची होते, आणि संशोधनाचें आवरण तिला पुरत नाहीं.

यावरून आम्ही पुढील नियम सुचवितों. मूळ पाठांतील शब्द अक्षरशः छापावा. टिंबें देऊं नयेत. तो कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगीं लिहिला हें टीपेंत सांगावें. मथळ्यांत, सूचींत व स्वतःच्या विवेचनांत मात्र त्या समाजानें स्वतः स्वीकारलेलें नांव योजावें. आणि सभेंत कागद वाचून दाखवितांना, त्या शब्दावर मुद्दा अवलंबून नसेल तर तो उच्चारूं नये. कारण छापील टीप वाचकाच्या शेजारीं असते, तोंडच्या शब्दाशेजारीं ती नसते. सिद्दी लोक आजही गुजरातेंत व उत्तर कन्नड जिल्ह्यांत नांदत आहेत. उद्यां त्यांच्यांतील एखादा अभ्यासक आमचा अंक उघडील, तेव्हां त्याच्या पूर्वजांस कोणीं काय म्हटलें हें त्यास पूर्ण कळावें. परंतु तें आम्हीच म्हणत आहों, असें त्यास कोठेंही वाटूं नये. ज्यांच्या संग्रहीं असे कागद आहेत त्यांनीं आपला अनुभव कळविल्यास या नियमांत सुधारणा करण्यास आम्ही सिद्ध आहों.