आपत्कालीन विभागातील उपचारक्षेत्रांची नावे

रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात रुग्णाच्या प्रकृतीचे गांभीर्य पाहून उपचारासाठी राखलेल्या जागांना उपचारक्षेत्रे म्हणतात. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत या विभागाला अपघात विभाग, आकस्मिक विभाग, तातडीचा विभाग अशी वेगवेगळी नावे आढळतात. बोलण्यात मात्र ‘कॅज्युअल्टी’ हाच शब्द रुळला आहे. ‘अपघात विभाग’ हे नाव अपुरे ठरते, कारण सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णालाही येथेच आणायचे असते.

ड्रेसिंग रूम, मायनर ओटी, निरीक्षण कक्ष ही जुनी नावे तेथे चालणाऱ्या कामावरून पडली आहेत. रुग्ण किती गंभीर आहे, हे त्यांवरून कळत नाही. रंगांवरून दिलेली नावे ही उणीव भरून काढतात. नवी दिल्लीच्या एम्सने तयार केलेल्या वर्गीकरण पद्धतीत लाल, पिवळा व हिरवा असे तीन गट आहेत. श्वासमार्ग, श्वसन वा रक्ताभिसरण धोक्यात आलेला रुग्ण लाल क्षेत्रात जातो व त्याच्यावर तत्काळ उपचार सुरू होतात. किरकोळ जखमा वा तक्रारी असलेला रुग्ण हिरव्या गटात मोडतो. आधी येऊनही त्याला थांबावे लागते आणि नातेवाइकांचा रोष बहुधा येथेच उद्भवतो. प्रकृती बदलल्यास रुग्णाचा रंगही बदलतो, म्हणून थांबलेल्या रुग्णाची पुन्हा तपासणी आवश्यक असते. मोठ्या दुर्घटनेत मृत वा वाचण्याची आशा नसलेल्यांसाठी काळा रंगही वापरला जातो.

या वर्गीकरणाला ‘ट्राएज’ म्हणतात. निवडणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो शब्द आला असून पूर्वी लोकर व कॉफीच्या प्रतवारीसाठी वापरला जाई. कापसाच्या बाजारपेठांमुळे ‘प्रतवारी’ हा शब्द वऱ्हाडात सर्वपरिचित आहे. तरीही रुग्णालयांत तो रूढ झालेला नाही.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून जातो. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ‘१०८’ रुग्णवाहिकेतून आलेला रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पाठवावा लागतो, तेव्हा दोन्हीकडे क्षेत्रांची नावे एकच असणे महत्त्वाचे ठरते. ‘लाल’ एवढे कळवले तरी पुढील रुग्णालयाला खाट, प्राणवायू व डॉक्टर सज्ज ठेवता येतात.