पाळीव सशाचे निर्बीजीकरण व लसीकरण

पाळीव सशाचे निर्बीजीकरण म्हणजे शस्त्रक्रियेने नराचे वृषण किंवा मादीचे अंडाशय व गर्भाशय काढून त्याची प्रजननक्षमता कायमची थांबविणे होय. नराचे निर्बीजीकरण साधारणतः चौथ्या ते पाचव्या महिन्यात आणि मादीचे पाचव्या ते सहाव्या महिन्यात केले जाते. लसीकरणाचे वेळापत्रक मात्र त्या त्या देशात आढळणाऱ्या रोगांवर अवलंबून असते. युरोपातील अनेक देशांत पाळीव सशाला दरवर्षी लस देतात. भारतात सशांसाठी असे नियमित लसीकरण प्रचलित नाही. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात या विषयाला हवामान, पशुवैद्यकीय सेवेचे स्वरूप आणि रानसशांचे संरक्षण असे तीन स्थानिक पैलू आहेत.

वयात येणे व प्रजनन

पाळीव ससा ही मूळच्या युरोपीय सशापासून निपजलेली जात आहे. लहान आकाराचे ससे चौथ्या महिन्याच्या सुमारास, तर मोठ्या आकाराचे ससे सहा ते नऊ महिन्यांत वयात येतात. मादीचा गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो. समागमानंतरच मादीचे बीज सुटत असल्याने तिला ठरावीक ऋतू लागत नाही व व्यायल्याबरोबर ती पुन्हा गाभण राहू शकते. अगदी लहान पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणे कठीण असते. त्यामुळे ‘दोन माद्या’ म्हणून आणलेल्या जोडीला काही महिन्यांतच पिल्ले होण्याचे प्रसंग घडतात. चौथा महिना लागण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून लिंगनिश्चिती करून घेणे व नर-मादी वेगळे ठेवणे, हा यावरील सर्वांत सोपा उपाय आहे.

निर्बीजीकरणाचे वय व हेतू

नराचे वृषण साधारणतः १० ते १४ आठवड्यांत खाली उतरतात. त्यानंतर शस्त्रक्रिया शक्य होते. निर्बीजीकरणामुळे नराची भांडणे व जागोजागी मूत्र उडविण्याची सवय कमी होते. शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे नर प्रजननक्षम राहू शकतो, म्हणून त्या काळात त्याला मादीपासून दूर ठेवावे लागते.

मादीच्या बाबतीत प्रश्न केवळ पिल्लांचा नसतो. निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. काही जातींमध्ये चार वर्षांवरील निम्म्याहून अधिक माद्यांना तो झाल्याचे दिसून आले आहे. मूत्रातून रक्त जाणे हे त्याचे एक लक्षण होय. खोटी गर्भधारणा व गर्भाशयाचा दाह हेही विकार शस्त्रक्रियेने टळतात.

शस्त्रक्रियेतील धोका व काळजी

सशाला भूल देणे कुत्र्या-मांजरांच्या तुलनेत अधिक जोखमीचे असते. ब्रिटनमधील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४ टक्के, तर सशांमध्ये १.३९ टक्के आढळले. निरोगी सशांमध्ये हे प्रमाण याहून कमी होते. त्यामुळे मादीसाठी कर्करोगाचा धोका आणि भुलीचा धोका यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा लागतो. सशांना भूल देण्याचा पशुवैद्यकाचा अनुभव हा त्यातील निर्णायक भाग असतो.

सशाला उलटी होत नाही. म्हणून माणसाप्रमाणे किंवा कुत्र्याप्रमाणे शस्त्रक्रियेपूर्वी त्याला उपाशी ठेवत नाहीत. दीर्घ उपवासाने त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक औषध, ऊब, वाळलेले गवत व ताजा हिरवा पाला द्यावा. बारा तासांत ससा खाऊ लागला नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर त्वरित पशुवैद्यकाकडे न्यावे. तोंडावाटे दिलेले पेनिसिलिन व अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यांना घातक ठरते. गोचीड-पिसवांवरील फिप्रोनिलयुक्त औषधही सशाला देऊ नये.

लसीकरण

सशांचे दोन विषाणुजन्य रोग लसीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. मिक्सोमॅटोसिस या रोगाचे वर्णन प्रथम १८९६ मध्ये उरुग्वेत झाले. डास व पिसवा यांच्यामार्फत तो पसरतो. रानटी सशांची संख्या घटविण्यासाठी १९५० मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याचा विषाणू मुद्दाम सोडला. रक्तस्रावी विषाणुरोग १९८४ मध्ये चीनमध्ये प्रथम नोंदला गेला व त्याचा दुसरा प्रकार २०१० मध्ये फ्रान्समध्ये आढळला. ब्रिटनमध्ये या रोगांविरुद्धची संयुक्त लस पाचव्या आठवड्यापासून व पुढे दरवर्षी देतात.

परदेशी संकेतस्थळांवरील ही वेळापत्रके भारतात जशीच्या तशी लागू होत नाहीत. कुत्र्या-मांजरांच्या संयुक्त लसी सशासाठी नसतात व त्या त्याला देऊ नयेत. येथील सशाच्या आरोग्यरक्षणात खरूज, कानातील माइट व पिल्लांमधील कॉक्सिडिओसिस यांची वेळेवर तपासणी, कोरडा व स्वच्छ पिंजरा आणि डास-माश्यांपासून बचाव यांना अधिक महत्त्व आहे.

बारामती व इंदापूर तालुके

नीरा कालव्यांमुळे हा भाग ऊस व दुग्धव्यवसायासाठी ओळखला जातो. साहजिकच येथील पशुवैद्यकीय सेवेचा भर गाई-म्हशी व शेळ्या-मेंढ्यांवर आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांतर्गत जनावरांना लाळ-खुरकूत रोगाची लस दिली जाते. त्यात सशाचा समावेश नाही. सशावरील शस्त्रक्रियेसाठी पुण्यातील अनुभवी पशुवैद्यक किंवा सातारा जिल्ह्यातील शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे आधी चौकशी करणे हितावह ठरते.

हा पर्जन्यछायेचा प्रदेश असून येथील उन्हाळा कडक असतो. तीस अंशांवरील तापमान सशाला त्रासदायक होते. म्हणून तातडीची नसलेली शस्त्रक्रिया व प्रवास हिवाळ्यात करणे श्रेयस्कर असते.

रानससा व पाळीव ससा

बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य व इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीची गवताळ राने हा चिंकारा हरणाचा अधिवास आहे. अशा माळरानांवर व शेतांत भारतीय रानससाही राहतो. तो पाळीव सशाहून वेगळ्या प्रजातीचा असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे; त्याला पकडणे वा पाळणे बेकायदेशीर आहे. पाळीव सशाचे पिल्लू जन्मतः केसविरहित व मिटलेल्या डोळ्यांचे असते, तर रानसशाचे पिल्लू अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मते. रानससाची मादी दिवसातून फार थोडा वेळ पिल्लाजवळ येते. म्हणून ऊसतोडणीत एकटे दिसलेले पिल्लू पोरके असतेच असे नाही. ते घरी न आणता जवळच्या सुरक्षित आडोशाला ठेवावे व जखमी असल्यास वन विभागाला कळवावे. याउलट, नकोसे झालेले पाळीव ससे रानात सोडणे हा त्यांच्यासाठी बहुधा मृत्यूच ठरतो. वेळेवर केलेले निर्बीजीकरण ही वेळ टाळते.

हे सुद्धा पहा

ससा, भारतीय ससा, मयूरेश्वर अभयारण्य, पशुवैद्यकशास्त्र