किल्ल्यांच्या पाठीमागचं जंगल

आमचं घर रेवदंड्याच्या कोटाच्या आत आहे. पोर्तुगीजांनी बांधलेल्या या तटाच्या पोटात आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, विहिरी आहेत, आणि वाहनांचा रस्ता थेट तट भेदून जातो. पहाटे साडेपाचला मी सायकल काढते तेव्हा सातखणीचा मनोरा अंधारात नुसता उभा काळा पट्टा असतो. उरलेल्या मजल्यांवर वडापिंपळांनी मुळं रोवली आहेत. तिथून साळावच्या पुलावर आलं की डावीकडे कुंडलिकेची खाडी, उजवीकडे समुद्र आणि समोर कोर्लईचा डोंगर.

सव्वीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवते आहे. त्यातली वीस वर्षं मीही इतरांसारखीच किल्ल्यांकडे समुद्राच्या बाजूने पाहत आले. जंजिरा म्हटलं की पाणी, तोफा आणि होड्या. जाड टायरची सायकल घेतल्यावर मी डोंगराकडच्या वाटांना लागले, आणि या किनाऱ्याची निम्मी गोष्ट आपण मुलांना सांगतच नाही, हे मला तिथे कळलं.

या सायकलीचा जन्मसुद्धा समुद्राकाठच्या जंगलातच झाला. कॅलिफोर्नियात पॅसिफिक किनाऱ्याजवळ माउंट तामालपाईस नावाचा डोंगर आहे. 1970 च्या दशकात तिथली तरुण पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन वणवा विझवण्यासाठी काढलेल्या वाटांवरून खाली सुटायची. 1976 मध्ये फेअरफॅक्स गावाजवळ अशा एका उतारावर शर्यत सुरू झाली. उतार इतका तीव्र होता की मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीला ‘रीपॅक’ नाव पडलं. आमच्या घाटीवरून उतरताना तापलेल्या ब्रेकचा वास आला की मला ती पोरं आठवतात.

रेवदंडा आणि शेजारचं चौल मिळून फार जुनं बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत ते चेमुल म्हणून येतं आणि अरब प्रवाशांच्या लिखाणात सैमूर म्हणून. मार्च 1508 मध्ये इथल्या पाण्यात इजिप्तच्या मामलुकांच्या आरमाराने पोर्तुगीजांना गाठलं आणि व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेंसो त्या लढाईत पडला. पण मुलांना मी सगळ्यात आधी अफानासी निकितिनबद्दल सांगते. हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी 1469 च्या सुमारास एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. इथून जमिनीच्या वाटेने आठ दिवसांत पाली, पुढे दहा दिवसांत उमरी आणि आणखी सहा दिवसांत जुन्नर, असे मुक्काम त्याने लिहून ठेवले आहेत. आमच्या गावातल्या एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. ते पाहून लोक म्हणतात, केवढा समुद्र ओलांडून आला! मला नवल त्या चोवीस दिवसांचं वाटतं. घोड्याला चारा, माणसाला पाणी आणि रात्रीला आडोसा मिळेल अशी वाट या डोंगरांतून तेव्हाच पडलेली होती. बंदर चालत होतं ते त्या वाटेच्या जिवावर.

कोर्लईचा डोंगर म्हणजे समुद्रात घुसलेली लांबट सोंड. पोर्तुगीज त्याला ‘मोरो’ म्हणत. अहमदनगरच्या निजामशहाने चौलची कोंडी करण्यासाठी इथे किल्ला उभारायला घेतला आणि सप्टेंबर 1594 मध्ये पोर्तुगीजांनी तो हल्ला करून जिंकला. लढाईत एक हत्ती दारातच मरून पडल्यामुळे किल्ल्यातल्यांना दरवाजा लावता आला नाही, असं सांगतात. मी सायकल दीपगृहापाशी ठेवते आणि पायऱ्यांनी वर जाते. वर उभं राहिलं की सोंडेचा अरुंदपणा जाणवतो. दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये तटामागे तट.

खालच्या कोर्लई गावात आजही जेमतेम हजारभर माणसं पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा. चौल, रेवदंडा आणि कोर्लई 1740 मध्ये मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज सत्ता गेली आणि भाषा राहिली. एकदा चढावर माझी साखळी तुटली तेव्हा मासळीची टोपली खाली ठेवून एक आजी माझ्यापाशी बसून राहिल्या. माझ्याशी मराठीत आणि नातवाशी त्यांच्या बोलीत. साखळी जोडून होईपर्यंत अर्धा तास मी दोन्ही ऐकत होते.

किनारा सोडून डोंगराकडे वळलं की सुपेगाव, म्हणजे फणसाड अभयारण्याचं दार. इथे मनाला येईल तिथे सायकल घालायची नाही. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, सायकल तिथेच ठेवायची आणि वाटाड्या बरोबर घेऊन पायी निघायचं. हा नियम मला मनापासून पटतो. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनीच्या सावलीत शिरलं की पाच मिनिटांत समुद्राचा वारा बंद होतो. इथल्या नैसर्गिक पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, फणसाडची गाण अशी त्यांची नावं आणि त्यांतल्याच एकावरून अभयारण्याचं नाव पडलं. पाणवठ्याजवळ एकदा गारंबीची शेंग पडलेली दिसली. गारंबी हा झाडांच्या माथ्यावर चढणारा प्रचंड वेल. शेंग माझ्या खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत पोचून वर वीतभर उरली. लाकडासारखी टणक, आणि प्रत्येक बीपाशी फुगीर खण. एक खण उकलला होता. आतली बी तपकिरी, चपटी आणि जुन्या पाटाच्या कडेसारखी गुळगुळीत. हातात धरून पाहिली आणि होती तिथेच ठेवली. वरून शेकरूचा कर्कश आवाज येत होता.

हे जंगल वाचलं कसं, याचं उत्तर जंजिऱ्यात आहे. फणसाड हे जंजिरा संस्थानच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. समुद्रातला किल्ला ज्यांनी शेवटपर्यंत कुणाला घेऊ दिला नाही, त्याच सिद्दी घराण्याने हे रानही स्वतःसाठी राखलं. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं आणि 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. त्यांचा हेतू शिकारीचा होता, तरी रान राहिलं हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. मुरूडला पाणी देणारं गारंबीचं धरणही नवाबी काळातलं. वेलाचं आणि धरणाचं नाव एकच.

लाकूड, पाणी, धान्य आणि माणसं डोंगराच्या बाजूने आल्याशिवाय समुद्रातला एकही किल्ला उभा राहत नाही आणि टिकतही नाही. शिवाजी महाराज जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधत होते तेव्हाचं, जानेवारी 1675 मधलं त्यांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने पद्मदुर्गाला पैसा आणि धान्य वेळेवर पोचवलं नाही, म्हणून महाराजांनी त्याची कडक शब्दांत हजेरी घेतली आहे. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी जंजिऱ्यापर्यंत खाडीत दगड-लाकडांची भर घालून वाट करायचं काम काढलं. डोंगरच समुद्रात ओतायचा प्रयत्न होता तो. मोगल फौज कल्याणकडे उतरली आणि तो अर्धा राहिला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाची आज्ञा आहे. जंगलातला साग हुजुराच्या परवानगीने तोडावा, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा तिचा आशय आहे. ही आज्ञा मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते.

सायकलवर हा इतिहास पायांना कळतो. या डोंगरांत दोन तऱ्हेच्या जुन्या वाटा आहेत. एक माणसाची पायवाट. ती सरळ खिंडीकडे धावते आणि तिथे मला सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दुसरी गाडीवाट. ती वळसे घेत जाते, पण चढ सगळीकडे सारखा, एकाच गिअरवर पार होणारा. माझे आजोबा बैलगाडीने जळाऊ लाकूड बंदरावर आणायचे. तिथून ते गलबतांतून मुंबईला जायचं. भरलेली गाडी उतरताना बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून मागे ओंडका बांधून फरफटत आणायचे. वाट आखताना आधी भरल्या गाडीचा उतार पाहिलेला असायचा. काही ठिकाणी काळ्या दगडात चाकांच्या दोन चाकोऱ्या उमटल्या आहेत. माझं टायर त्यातल्या एकीत नेमकं बसतं. कुठल्या गावाचं जंगलाशी लाकडाचं नातं होतं आणि कुठल्या गावाचं नुसतं जाण्यायेण्याचं, हे मला या चढांवरून ओळखता येतं.

राजपुरीजवळच्या खोकरीच्या घुमटांशी मी थांबते. सिद्दी सिरूलखानाची मोठी कबर आणि शेजारी दोन लहान. ॲबिसिनियातून आलेल्या घराण्याची माणसं इथे डोंगर पाठीशी घेऊन निजली आहेत.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर चाकोऱ्यांच्या अशाच एका वाटेवर यंत्र लावून रुंदीकरण झालं. संध्याकाळी मी पोचले तेव्हा चाकोऱ्यांचा दगड फुटून कडेला ढीग पडला होता. काम करणाऱ्यांना दोष कसा द्यावा? ती वाट जुनी आहे असं कुठल्याच कागदावर नव्हतं. किल्ल्याला पाटी असते, कबरीला पाटी असते, त्यांच्यापर्यंत लाकूड-पाणी नेणाऱ्या वाटेला नसते.

म्हणून कोकणातल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारा, रानात जायच्या वाटा कुठून होत्या, त्यांची नावं काय, गाडी कुठपर्यंत जायची. ते लिहून काढा आणि ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्या. मी आमच्या बाजूच्या अकरा वाटांची नावं अशी जमवली आहेत. त्यातल्या चार अजून चालण्यासारख्या आहेत.