परवलीच्या शब्दाचा बोभाटा

किल्ल्याच्या दरवाजावरील परवलीचा शब्द संगणकाच्या दारीं कसा आला, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं एकच यंत्र अनेकांस एकाच वेळीं वापरतां यावें अशी योजना १९६१ सालीं प्रथम दाखविली. यंत्र सामाईक, परंतु ज्याचे कागद त्याचेच राहावेत, म्हणून प्रत्येकास गुप्त शब्द मिळाला.

एकदां मात्र विलक्षण प्रकार घडला. जो कोणी यंत्राशीं बसे, त्याच्यापुढें नित्याच्या सूचनेऐवजीं सर्वांच्या गुप्त शब्दांची यादीच येऊं लागली! चोर कोणी नव्हता. व्यवस्थापकांच्या दप्तरांत एका वेळीं एकानेंच लिहावें, या गृहीतावर लेखनाचें साधन रचलें होतें. तात्पुरत्या मसुद्याचें नांवहि ठरलेलें असे. पुढें सोयीसाठीं एकाहून अधिकांस मुभा मिळाली. एक सूचना लिहीत होता, दुसरा यादी. आणि मसुद्यांची अदलाबदल झाली.

कालांतरानें शब्द जसाच्या तसा न ठेवतां त्याचें उलगडण्यास दुर्घट असें रूपांतर ठेवण्याची रीत पडली. तथापि आम्हांस वाटतें, कुलूप शाबूत असतांहि घर उघडें पडलें, तें सैल केलेल्या शिस्तीमुळें. कचेरींतील नियम मोडण्यापूर्वीं तो कशासाठीं केला होता, हें विचारण्याची संवय हाच खरा पहारा होय.