काँक्रीटचा ओटा निवडताना

कसबा बावड्यात नवे घर बांधताना ओट्यासाठी कडप्पा की ग्रॅनाईट, हा प्रश्न नेहमीचाच. त्यात आता काँक्रीटचीही भर पडली आहे.

काँक्रीट हव्या त्या आकारात व रंगात ओतता येते. मात्र सिमेंटला आम्ल सोसत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या बेतात लिंबाचा रस वा चिंचेचा कोळ सांडला, की त्यावर फिकट चट्टे उठतात. सूक्ष्म छिद्रांत हळद, तिखट मुरते. कडप्पा हा चुनखडीचा दगड असल्याने त्यालाही आम्ल बाधते. ग्रॅनाईट त्याला सहसा दाद देत नाही.

चार सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरते. त्यामुळे खालचा आधार भक्कम असावा. ओतल्यावर किमान सात दिवस पाणी मारावे. अपेक्षित ताकद येण्यास सुमारे २८ दिवस लागतात. त्यानंतर अन्नासाठी सुरक्षित सीलर लावावा व झिजेल तसा पुन्हा लावावा.

निर्णयापूर्वी कारागिराकडून सीलर लावलेला नमुना मागून घ्यावा. त्यावर लिंबाची फोड आणि ओली हळद रात्रभर ठेवावी. सकाळी उमटलेला डाग रोज पाहण्याची तयारी नसेल, तर ग्रॅनाईटच बरे.