काट्यांच्या भरवशावर

जव्हार संस्थानाचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेले आणि फ्लाइट लेफ्टनंट झाले. महादेव कोळ्यांचं हे घराणं चौदाव्या शतकापासून सह्याद्रीच्या कुशीत टिकलं ते डोंगर आणि घाटवाटांच्या जोरावर. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज आणि जव्हारचे तेव्हाचे राजे विक्रमशहा यांची भेट जिथे झाली असं सांगतात, तो शिरपामाळ जव्हारच्या वेशीपासून फार लांब नाही. वाट माहीत असलेला माणूस इथे अंधारातही चालतो. पण हेच डोंगर वरून, विमानातून, दिवेलागणीला कसे दिसतात? खरं तर दिसतच नाहीत, आणि वैमानिकाला मात्र दिसल्यासारखे वाटतात.

अशा वेळी डोळ्यांवर नव्हे, उपकरणांच्या काट्यांवर विसंबायचं, हे यशवंतरावांच्या पिढीच्या वैमानिकांना शिकवलं जाई जमिनीवरच, एका निळ्या डब्यात. त्याचं नाव लिंक ट्रेनर. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनच्या एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनवण्याचा कारखाना होता. उडायला शिकणं लिंकला परवडेना, म्हणून त्याने 1929च्या सुमारास कारखान्यातलेच भाते आणि झडपा वापरून एक ठेंगणं लाकडी विमान उभं केलं. पेटीचा भाता हवा भरतो तसे हे भाते फुगत-मिटत आणि डबा डावी-उजवीकडे कलत असे. सुरुवातीला गिऱ्हाईक मिळालं ते जत्रेतल्या खेळवाल्यांचं!

1934 साली अमेरिकेच्या लष्कराकडे टपालाची विमानं चालवण्याचं काम आलं आणि हिवाळ्यातल्या खराब हवेत काही आठवड्यांत डझनभर वैमानिक दगावले. मग डब्याबद्दल बोलायला बोलावलेल्या लिंकची वाट पाहत लष्करी अधिकारी विमानतळावर थांबले होते. हवा इतकी वाईट की तो येणार नाही असं ते धरूनच चालले होते. तो काट्यांकडे बघत उतरला. सुमारे 3500 डॉलरला एक या भावाने सहा डबे खपले. पुढे महायुद्ध संपेपर्यंत असे दहा हजारांहून जास्त तयार झाले.

डब्याचं झाकण बंद झालं की आतल्या माणसाला बाहेरचं काही दिसत नसे. समोर उंची, वेग, दिशा आणि कल दाखवणारे काटे. बाहेर टेबलावर नकाशा आणि त्यावर फिरणारं तीन चाकांचं छोटं यंत्र, शिकाऊ माणसाने कुठे कुठे गोता खाल्ला त्याची शाईची रेघ ओढणारं. मास्तर ती रेघ नंतर दाखवत. आपण नाकासमोर सरळ चाललो होतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांची रेघ गोल गोल फिरलेली असे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सावकाश वळण ओळखतच नाही, हे त्यांना त्या कागदावर पटे.

संध्याकाळ यात अधिक फसवी. पूर्ण अंधारात वैमानिक मुकाट्याने काट्यांकडे वळतो; तिन्हीसांजेला आकाश अजून उजळ असतं, जमीन काळी पडलेली असते आणि डोळा आपला हट्ट सोडत नाही. आपल्या अक्षांशावर ही वेळ थोडी. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जायला अर्धा तासही लागत नाही.

डोळ्यांच्या नादाने काय होतं, याची मुंबईतली उदाहरणं जरा गमतीचीही आहेत. 1953 साली एक कॉमेट विमान आणि 1972 साली जपान एअरलाइन्सचं एक डीसी-8 विमान सांताक्रूझ विमानतळाऐवजी शेजारच्या जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. डोंगरात मात्र गंमत नसते. जुलै 1962मध्ये बँकॉकहून मुंबईला येणारं अलिटालियाचं डीसी-8 रात्री जुन्नरजवळच्या डोंगरावर, सुमारे 3600 फुटांवर आदळलं आणि आतले सगळे 94 जण गेले. मुंबई प्रत्यक्षात होती त्यापेक्षा जवळ आली, असा हिशेब चुकला होता; म्हणून विमान लवकर खाली आलं. चौकशीतून निघालेलं कारण हे.

काटेच खोटे बोलले तर? 1 जानेवारी 1978ला ‘एम्परर अशोक’ हे एअर इंडियाचं जंबो दुबईला निघालं आणि उड्डाणानंतर 101 सेकंदांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. 213 जण गेले. कप्तानासमोरचं कल दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. खाली काळा समुद्र, समोर क्षितिज नाही. विमान उजवीकडे कललंय असं समजून त्याने ते डावीकडे लोटत नेलं. म्हणूनच एका काट्यावर विसंबायचं नाही, दुसऱ्याशी ताडून पाहायचं, असं शिकवतात.

लिंकच्या डब्याचा नातू आता घरातल्या टेबलावर आहे. ब्रूस आर्टविकने 1980च्या आगेमागे ॲपलच्या संगणकासाठी काड्याकाड्यांच्या रेघांचं आकाश रंगवलं, 1982मध्ये मायक्रोसॉफ्टने तो खेळ आपलासा केला आणि 2020च्या आवृत्तीत उपग्रहचित्रांवर बेतलेली सगळी पृथ्वीच आली. या खेळात ओझरच्या विमानतळावरून तिन्हीसांजेला मुंबईकडे निघावं. डावीकडे कळसूबाईची रांग, उजवीकडे त्र्यंबकचा ब्रह्मगिरी आणि त्यापलीकडे मोखाडा-जव्हारचं पठार, मग घाट तुटतो आणि वैतरणा-तानसाच्या पाण्यावर उरलासुरला उजेड दिसतो. कानाला मुंबईच्या रेडिओ दीपाची खूण लागते, मोर्समधला ‘बी’ तीनदा: एक लांब, तीन आखूड. काटा मध्यावर ठेवायचा, आणि नकाशावरची किमान सुरक्षित उंची कितीही मोह झाला तरी मोडायची नाही. ब्रह्मगिरी 1298 मीटर म्हणजे सव्वाचार हजार फूट आहे. पडद्यावर तो तोवर काळ्या पट्टीत विरघळलेला असतो.

या घरगुती डब्याची एक उणीव लिंकच्या लाकडी डब्यात नव्हती. तो कलायचा, खुर्ची कलत नाही. पडद्यावर विमान साठ अंशांत वळलं तरी बसणाऱ्याचा कान शांतच राहतो, त्यामुळे शरीराच्या खोट्या साक्षीशी भांडण्याचा सराव घरी होतच नाही. काटे वाचण्याची, नकाशा उलगडण्याची, रेडिओ जुळवण्याची सवय मात्र पक्की होते, म्हणून शिकाऊ वैमानिकही घरी हा खेळ मांडून बसतात. परवान्यासाठी सिम्युलेटरचे तास धरले जातात ते मात्र मान्यताप्राप्त यंत्रावरचेच.