विद्युद्दाबाचा अधिकार : येलदरीपासून संगणकाच्या गाभ्यापर्यंत

परभणी जिल्ह्याच्या खेड्यांत विजेचा विषय निघाला की 'वीज आहे काय' या प्रश्नापाठोपाठ 'दाब किती आहे' हा प्रश्न हटकून येतो. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर 1968 साली पूर्ण झालेल्या येलदरी धरणाच्या पायथ्याशी 22.5 मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत्-केंद्र असून त्यात साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत. जनित्राच्या चुंबकीय कुंडलीतील प्रवाह कमीअधिक करून केंद्राशी दाब स्थिर राखता येतो. शिवारातील रोहित्राशी मात्र ही स्थिरता टिकतेच असे नाही. रब्बीच्या दिवसांत खंडित झालेला पुरवठा परत आला की ऑटोस्विच लावलेले पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, दाब कोसळतो, आणि बहुधा त्या डीपीवरील सर्वांचेच पाणी थांबते. 1956 च्या भारतीय विद्युत् नियमांनी कमी दाबाच्या ग्राहकास घोषित दाबापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक फरक पडू नये असे बंधन पुरवठादारावर घातले होते. तथापि नियमाचे शब्द फिडरच्या शेवटच्या खांबापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत.

या व्यवहारात तीन पक्ष आहेत : वीज मागणारा, वीज पुरविणारा आणि मर्यादा ठरविणारा. त्यांच्या अधिकारांची सरमिसळ झाली की रोहित्र जळते. हाच प्रश्न एका अगदी सूक्ष्म क्षेत्रात कसा उद्भवला व कसा सोडविला गेला, याचा इतिहास फारसा परिचित नाही. ते क्षेत्रही शेतकऱ्याच्या खिशातच आहे. ज्या मोबाइल फोनवरून तो आज विहिरीवरचा पंप दुरून चालू करतो, त्या फोनच्या आत विजेचे एक लहानसे जाळे असते. बॅटरीचा दाब सुमारे 3.7 व्होल्ट, मुख्य प्रक्रियकास लागतो एक व्होल्टच्या आसपास, स्मृतीस निराळा, पडद्यास निराळा, कॅमेऱ्यास आणखी निराळा. हे दाब निर्माण करणाऱ्या परिपथांस दाब-नियामक म्हणतात. एकाच चिपमध्ये असे अनेक नियामक बसविलेले असतात, आणि दोन तारांच्या एका मार्गाने त्यांस आज्ञा देता येतात. आज्ञा देणारा असतो तो संचालन-प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल. अँड्रॉइड फोनांत हा गाभा लिनक्सचा असतो.

दाब स्थिर न ठेवता बदलत राहण्याचे प्रयोजन साधे आहे. अशा परिपथांत कार्य करताना खर्च होणारी शक्ती वेगाच्या समप्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग तोच ठेवून 1.2 व्होल्टचा दाब 1.0 वर आणता आला, तर हा खर्च सुमारे 31 टक्क्यांनी घटतो. काम कमी असेल तेव्हा वेग उतरवावा आणि त्याबरोबर दाबही उतरवावा, हे ओघानेच आले. परंतु दाब गरजेहून खाली गेला तर गणन चुकते, आणि मर्यादेहून वर गेला तर चिप कायमची निकामी होते. लेखनातील एका चुकीने यंत्र जळू शकेल अशा ज्या थोड्या जागा गाभ्यात आहेत, त्यांपैकी ही एक होय.

2008 पूर्वी या कामास लिनक्समध्ये सामाईक व्यवस्था नव्हती. प्रत्येक चिप-उत्पादक आपापल्या बोर्डापुरती सोय करी. क्वालकॉमच्या प्रक्रियकांसाठी 'व्हीरेग' नावाची स्वतंत्र आज्ञावली होती. इतरांच्या आणखी वेगळ्या. परिणाम असा की कॅमेऱ्याचा ड्रायव्हर एका बोर्डासाठी लिहिला तर तो दुसऱ्यावर चालत नसे, कारण त्या ड्रायव्हरातच नियामकाची नावनिशाणी कोरलेली असे. पंपाच्या मोटरीत विशिष्ट रोहित्राचा क्रमांक ओतून ठेवावा, तसाच हा प्रकार.

एडिंबरो येथील वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीतील लिअम गर्डवुड व मार्क ब्राउन यांनी सिद्ध केलेली नियामक-व्यवस्था लिनक्सच्या 2.6.27 या आवृत्तीत समाविष्ट झाली; ही आवृत्ती 9 ऑक्टोबर 2008 रोजी प्रसिद्ध झाली. पहिला अँड्रॉइड फोनही त्याच महिन्यात विक्रीस आला, पण त्यात 2.6.25 ही आवृत्ती असल्याने ही व्यवस्था त्यात नव्हती. काळाचे असे योग इतिहासात फसवे असतात.

या व्यवस्थेचे खरे वैशिष्ट्य तीन पक्षांच्या विभाजनात आहे. पहिला पक्ष ग्राहक-ड्रायव्हर. 'मला अमुक ते अमुक या कक्षेतील दाब हवा' एवढेच तो म्हणतो. दाब मायक्रोव्होल्टमध्ये सांगायचा असल्याने 1.8 व्होल्ट म्हणजे 18,00,000. नियामक कोणत्या कंपनीचा, कोणत्या तारेवर बसलेला, हे त्यास ठाऊक नसते. दुसरा पक्ष नियामकाचा ड्रायव्हर. चालू करणे, बंद करणे, दाब ठरविणे, दाब वाचणे अशा क्रियांची एक सारणी तो गाभ्याच्या स्वाधीन करतो. दाब किती असावा याचा निर्णय त्याच्याकडे नसतो. सांगितलेला दाब चिपच्या कोणत्या नोंदस्थानी कोणता अंक लिहिल्याने मिळेल, इतकेच त्याचे ज्ञान. तिसरा पक्ष बोर्डाची रचना जाणणारा. कमाल आणि किमान दाब किती, कोणती कृती मुळी अनुज्ञेय आहे, ही बंधने तो घालतो. बंधनांत परवानगी लिहिलेली नसेल तर गाभा दाब बदलण्यास नकार देतो. मौन म्हणजे संमती, हा लोकव्यवहार येथे उलटा केलेला आहे, आणि या साऱ्या रचनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच म्हटली पाहिजे.

एकाच नियामकावर अनेक ग्राहक असतील तर काय, याचेही उत्तर त्यात आहे. चालू करण्याच्या मागण्यांची गणती ठेवली जाते. पहिल्या मागणीस नियामक चालू होतो, आणि शेवटच्या ग्राहकाने सोडल्यावरच बंद होतो. एकाने आपला पंप थांबविला म्हणून डीपी बंद होत नाही, तसेच. दाबाबाबत सर्वांच्या कक्षांचा छेद घेतला जातो. एकास 1.7 ते 1.9 व दुसऱ्यास 1.8 ते 2.0 व्होल्ट हवे असतील, तर 1.8 ते 1.9 ही सामाईक कक्षा उरते. छेदच निघाला नाही, तर ज्याची मागणी विसंगत ठरते त्यास त्रुटी कळविली जाते व आधीचा दाब तसाच राहतो.

आरंभीच्या ड्रायव्हरांत एक होता 'बीक्यू 24022' या विद्युत्भारक चिपचा. गंमत अशी की त्यात दाबाचे नव्हे, प्रवाहाचे नियमन होते : यूएसबीवरून 100 मिलिअँपिअर घ्यावे की 500, एवढाच त्याच्यापुढील विकल्प. मूळ व्यवस्था दाब व प्रवाह या दोहोंसाठी कल्पिलेली होती, हे यावरून स्पष्ट होते.

पुढील मोठा बदल बंधने कोठे लिहावीत या संबंधात झाला. आरंभी ती गाभ्याच्याच आज्ञावलीत, प्रत्येक बोर्डाच्या फाइलीत असत. आर्म प्रक्रियकांसाठीच्या अशा फाइलींची संख्या बेसुमार वाढली आणि 2011 च्या मार्चमध्ये लिनस टॉर्वाल्ड्स यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. बोर्डाचे वर्णन आज्ञावलीतून काढून 'डिव्हाइस ट्री' या स्वतंत्र दस्तऐवजात मांडण्याच्या प्रयत्नास त्यानंतर जोर आला. नियामकांची बंधने या दस्तऐवजातून वाचण्याची सोय टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे राजेंद्र नायक यांनी लिहिली. ती 2012 च्या मार्चमधील 3.3 या आवृत्तीत आली. मर्यादा ठरविणाऱ्याचे लेखन अशा रीतीने गाभ्याबाहेर गेले. त्याच वर्षी नोंदस्थाने वाचण्या-लिहिण्याची सामाईक साधने नियामकांसाठी उपलब्ध झाली, आणि अनेक ड्रायव्हर केवळ अंकांच्या सारण्या होऊन राहिले. कंटाळवाणे दिसणारे हे काम वस्तुतः मोलाचे होते. कारण हाताने पुन्हापुन्हा लिहिलेल्या ओळींतच चुका दडतात.

एक तडजोड मात्र खटकण्याजोगी आहे. दस्तऐवजात एखाद्या पुरवठ्याचा उल्लेखच नसेल तर ग्राहकास एक बनावट नियामक दिला जातो, जेणेकरून त्याचे काम अडू नये. अपुऱ्या वर्णनाचे असंख्य बोर्ड चालते राहावेत यासाठी हे आवश्यक होते, हे खरे. पण असा नियामक 'चालू झालो' असे सांगतो तेव्हा प्रत्यक्षात कोणतीच तार हललेली नसते.

वुल्फसन कंपनी 2014 मध्ये सिरस लॉजिकने विकत घेतली; व्यवस्था मात्र राहिली व वाढली. 2021 च्या ऑगस्टमधील 5.14 या आवृत्तीत दाब मर्यादेखाली किंवा मर्यादेवर जाणे, प्रवाह वाढणे, तापमान चढणे यांसाठी इशारा, त्रुटी व संरक्षण अशा तीन निरनिराळ्या पायऱ्यांच्या सीमा दस्तऐवजात नोंदविण्याची सोय झाली. इशाऱ्याच्या पायरीवर पुरवठा तोडला जात नाही. ग्राहकास सूचना मिळते, आणि भार कमी करण्यास त्यास अवसर राहतो. जिंतूरच्या शिवारात असा इशारा पंपाच्या आवाजावरूनच ओळखावा लागतो : मोटर जड गुणगुणू लागली की जाणता शेतकरी धावत जाऊन स्टार्टर पाडतो.